वरच्या मजल्यावरचं सरोवर

मी मलावी सरोवराच्या खाली राहतो. पत्ता चिंचवडचाच आहे, लाइट बिलही तिथलंच येतं. पण माझ्या दिवाणखान्याच्या बरोबर वर, तिसऱ्या मजल्यावर, कारखानीस काकांची पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी काचेची टाकी आहे. तोंडापर्यंत भरली तर तिच्यात साडेपाचशे लिटर पाणी मावतं. शिवाय आत काकांनी दीडशे किलो दगड रचले आहेत. "दगडांमुळे तेवढं पाणी कमी लागतं," असा दिलासा काका देतात. दगड पाण्यापेक्षा जड असतो हे मी शाळेत शिकलेलो असल्यामुळे तो मला लागू पडत नाही.

आम्ही राहायला आलो त्याच्या तिसऱ्याच दिवशी काका खाली आले. शिडशिडीत बांधा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. माझ्याशी बोलताना त्यांची नजर छतावरून फिरत होती. "तडा वगैरे काही दिसतो का? नाही, आपलं सहज." मी नाही म्हटल्यावर ते जायला उठले आणि दारात थांबून म्हणाले, "दिसला तर वर भांडायला या. संकोच करू नका. पण गप्प बसू नका. गप्प बसलेल्या माणसाची मला फार भीती वाटते."

ही भीती त्यांच्या नोकरीतली होती. आडनावाला जागून काकांनी सगळा जन्म कारखान्यात काढला. पिंपरीतल्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं लेबर ऑफिसर होते. मालक त्यांना युनियनचा माणूस समजायचे आणि युनियन त्यांना मालकाचा. दोन्हीकडचा संशय सारखा भरला की आपलं काम चोख चाललंय, असा त्यांचा हिशेब. "गेटवर घोषणा चालू आहेत, मागणीपत्रक आलंय, माझ्या नावाने मुर्दाबाद चाललंय, तोवर मी रात्री घोरत पडायचो," ते सांगतात. "पण ज्या दुपारी कँटीनमध्ये आमटीलासुद्धा कुणी नावं ठेवली नाहीत, त्या दुपारी घरी फोन करायचो. म्हणायचो, आज जेवायला थांबू नकोस."

या नोकरीने त्यांना दोन सवयी लावल्या. समोरचा कितीही तापलेला असो, त्याला अहो-जाहो करायचं, ही पहिली. पुढाऱ्याला एकदा अरे म्हटलं की तडजोडीची रक्कम दुप्पट होते, असा अनुभव. दुसरी सवय म्हणजे माणूस आत आला की आधी त्याची फाइल उघडायची. निवृत्तीनंतर माणसं गेली, सवयी राहिल्या. त्या कुठेतरी वापरायला हव्या होत्या.

नातवाने वाढदिवसाला मासे मागितले. काका त्याला घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने बोटभर लांबीचे सहा मासे दाखवले. पिवळेधमक, अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे, मफलर गुंडाळल्यासारखे. "सब साथ में रहेगा, अंकल," तो म्हणाला. कसलीही फाइल न बघता केलेली काकांच्या आयुष्यातली ही एकमेव नेमणूक.

ते मासे होते ऑराटस. काही आठवड्यांत त्यांतला एक काळा पडायला लागला. काकूंना वाटलं आजारी आहे. त्यांनी पाण्यात चिमूटभर हळद टाकायचं सुचवलं. तो आजारी नव्हता, वयात आला होता. ऑराटसची मादी जन्मभर पिवळी राहते, नर मोठा होताना गडद काळपट होतो आणि त्याच सुमाराला टाकीचा सात-बारा आपल्या नावावर आहे अशी त्याची खात्री पटते. पुढच्या दीड महिन्यात बाकीचे पाचही गेले. काळा मासा एकटाच टाकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गस्त घालत राहिला, आणि भांडायला कुणी उरलं नाही म्हणून काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडू लागला. काका त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. "एकतीस वर्षांत माझ्या हाताखाली वादापायी एक माणूस दगावला नाही," ते काकूंना म्हणाले. "आणि इथे सहांपैकी पाच!" मग माशाकडे वळून, "साहेब, तुमची बाजू काय आहे?"

त्या दिवसापासून काकांनी त्या माशांची बाजू समजून घ्यायला सुरुवात केली, आणि आम्हा सगळ्यांना मलावी सरोवर पाठ झालं. आफ्रिकेच्या नकाशात खालच्या अंगाला एक लांबट सरोवर आहे. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया असे तीन देश त्याच्या काठाला लागून आहेत. मुंबईहून रस्त्याने गोवा गाठावा जवळजवळ तेवढी त्याची लांबी आणि सातशे मीटरच्या आसपास खोली. १८५९ साली लिव्हिंग्स्टन तिथे पोचला. १९८४ साली त्याच्या दक्षिणेकडचा राष्ट्रीय उद्यानाचा भाग युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, आणि तो गेला मुख्यतः माशांमुळे. सिक्लिड कुळातल्या माशांच्या शेकडो जाती त्या एका सरोवरात आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. काठालगतच्या खडकांत राहणारे ते म्बुना. स्थानिक भाषेतलाच हा शब्द, खडकातले मासे अशा अर्थाचा. काका तो मुंबईच्या आधी 'म' चावल्यासारखा म्हणतात.

"आता यांची बाजू ऐका," काका सांगू लागतात, तेव्हा त्यांच्या हातात समोर नसलेली फाइल असते. "यांचं सगळं खडकावर. खडकावर शेवाळ्याचा थर, तोच यांचा भाकरतुकडा. खडकाच्या कपारीत घर. खडकापुढेच लग्न. म्हणजे नोकरी, क्वार्टर आणि कार्यालय एकाच जागी. मग ती जागा कोण सोडेल? दुसरा आला की हा हाकलणार. पण सरोवरात हाकललेला दोन हात लांब गेला की प्रकरण मिटतं. पुढचा खडक त्याचा. माझ्या टाकीत दोन हात लांब गेलं की काच लागते. हरलेला परत वळतो आणि पुन्हा त्याच साहेबांसमोर येऊन उभा राहतो. साहेबांना वाटतं, हा मुद्दाम आला. मासे वाईट नाहीत हो. हरलेल्याला जायला जागा नाही, हे वाईट आहे."

मग भरती सुरू झाली. प्रत्येक जातीची एक फाइल: मूळ गाव, आहार, पूर्ण वाढ किती, स्वभाव, रंग, नातेवाईक. निवड समितीत काका, लाल पेन आणि चहा प्यायला गेलेला मी. सरोवरातल्या सगळ्यांनाच प्रवेश नव्हता. मलावीच्या शेजारच्या टांगानिका सरोवरातले अर्ज पहिल्या फेरीत बाद झाले. "त्यांचं पाणी वेगळं, रीत वेगळी. शिवाय तिथे एक जमात फक्त दुसऱ्याचे खवले ओरबाडून खाते. त्यांतल्या काहींची तोंडं डावीकडे वळलेली, काहींची उजवीकडे. डावे फार झाले की बाकीचे मासे त्यांच्या हल्ल्याची बाजू सांभाळून पोहतात, मग उजव्यांचं फावतं. उजवे वाढले की उलट. दोन्ही गट कायम निम्म्याच्या आसपास." काकांनी फाइल मिटली. "मी दोन युनियनच्या कारखान्यात काम केलंय. हे पुन्हा नको."

मला वाटलं, आपणही हातभार लावावा. निंबोक्रोमिस लिव्हिंग्स्टोनी नावाचा एक देखणा, ठिपकेदार मासा मी कुठेसा पाहिला होता. त्याची कला अशी की तो तळाशी आडवा पडून मेल्याचं सोंग घेतो आणि हळहळायला जवळ आलेल्या लहान माशांना गिळतो. हा भेट देऊ का, असं विचारल्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. "पेंटशॉपमध्ये होता असा एक," ते शेवटी म्हणाले. "पाठ धरली म्हणून पडून राहायचा. विचारपूस करायला गेलेल्या दोघांवर त्याने मारहाणीची तक्रार केली." भेट रद्द झाली.

आहाराचा प्रश्न सोपा वाटला तरी तिथेच पहिला मोठा पेच होता. म्बुना बहुतेक शेवाळखाऊ. आतडं लांबलचक, जड खाणं सोसत नाही. मोकळ्या पाण्यात शिकार करणारे त्यांचे मोठे भाऊबंद मात्र मांसाहारी. दोघांना एका टाकीत ठेवलं तर एकाच्या पानातलं दुसऱ्याच्या पोटात जाणार, म्बुनाचं पोट फुगणार, तो अन्न सोडणार आणि बहुधा जाणार. "एक कँटीन, दोन मेन्यू, हे मला कारखान्यातही जमलं नाही," म्हणत काकांनी फक्त म्बुना घ्यायचं ठरवलं. त्यांच्यासाठी स्पिरुलिनाचा चुरा आणि काकूंनी उकळत्या पाण्यातून काढलेला पालक. पहिल्या मजल्यावरच्या मालवणच्या काकी एकदा मोठ्या प्रेमाने मूठभर सुका जवळा घेऊन आल्या. काकांनी त्यांना दारातच थांबवलं. "वहिनी, आमचे शाकाहारी आहेत." तेवढ्यात मागे टाकीत एकाने दुसऱ्याच्या शेपटीचा लचका तोडला. काकी बघतच राहिल्या. "शाकाहारी आहेत," काका म्हणाले, "अहिंसक आहेत असं मी कुठे म्हटलं?"

पुढचे नियम त्यांनी वहीत लाल शाईने लिहिले आहेत. एका नरामागे किमान तीन-चार माद्या. एकच असली तर तो तिला पाठलाग करून मारतो, चौघी असल्या की त्याचा जाच वाटला जातो. एकसारख्या रंगांचे दोन नर घ्यायचे नाहीत, कारण म्बुनाला परक्याचा राग येतो त्याहून स्वतःसारख्या दिसणाऱ्याचा जास्त येतो. जवळच्या नात्यातल्या दोन जाती एकत्र ठेवायच्या नाहीत. ते आपसात जोडी जमवतात आणि पोरं कुठल्याच जातीची राहत नाहीत. नवे मासे एकेकटे सोडायचे नाहीत, घोळक्याने सोडायचे. सोडण्यापूर्वी टाकीतले सगळे दगड हलवायचे, म्हणजे जुन्यांनाही आपली जागा शोधावी लागते आणि त्या गडबडीत नव्याला कुणी विचारत नाही. खाणं एका जागी टाकायचं नाही, दोन्ही टोकांना एकाच वेळी टाकायचं.

आणि सगळ्यात शेवटी, चौकटीत: टाकी भरलेली हवी.

हा नियम मला उलटा वाटला. भांडखोर मंडळींना ऐसपैस जागा द्यावी की आणखी गर्दी करावी? काका हसले. "कधी लोकलने गेलायत? रिकाम्या डब्यात दोन माणसं खिडकीवरून हमरीतुमरीवर येतात. संध्याकाळच्या कल्याण गाडीत खिडकी कुणाची, हा प्रश्न कुणी विचारतो का? सहा मासे असले तर साहेबांना रोज धरायला तोच एक सापडतो. सदतीस असले की एकाचा पाठलाग सुरू करावा तोवर दुसरा आडवा येतो, तिसरा मागून घुसतो. राग तेवढाच राहतो, पण एकाच्या वाट्याला पावशेर येत नाही, सगळ्यांना चमचा-चमचा मिळतो." अर्थात गर्दी म्हणजे घाण. म्हणून दोन मोठे फिल्टर, दर रविवारी एक तृतीयांश पाण्याची अदलाबदल आणि वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी फिल्टर, मग पंखा. उन्हाळ्याच्या कित्येक रात्री काकू पुठ्ठ्याने वारा घेत अंधारात बसलेल्या आहेत आणि समोर सदतीस मासे बुडबुड्यांत आरामात आहेत, हे दृश्य मी पाहिलं आहे.

पाण्यावरून तर सोसायटीत इतिहास घडला. मलावीचं पाणी जड आणि अल्कधर्मी, पीएच ७.८ ते ८.६. आमच्या बोअरचंही जडच. नळांवर पांढरे थर, गिझरच्या कॉइलला खडे, साबणाला फेस नाही. सभेत पाणी मऊ करणारं यंत्र बसवायचा ठराव आला आणि सगळे हात वर गेले. एक हात खाली राहिला. "तुम्ही ज्याला क्षार म्हणता," कारखानीस काका उभे राहून म्हणाले, "त्याच्यासाठी लोक टाकीत शिंपल्यांचा चुरा विकत आणून घालतात." लोकांच्या डोक्यावरचे केस गळत होते, त्यामुळे या मुद्द्याला पाठिंबा मिळाला नाही. पण मुरलेला लेबर ऑफिसर रिकाम्या हाताने उठत नाही. ठराव एकमताने मंजूर करून देण्याच्या बदल्यात त्यांनी बोअरपासून थेट आपल्या बाल्कनीपर्यंत एक वेगळी नळी मिळवली.

भरती झालेल्यांत नऊ यलो लॅब होते, पिवळेजर्द आणि म्बुनाच्या मानाने सोशिक. त्यांच्या शास्त्रीय नावात 'सेरुलिअस' म्हणजे निळा असा शब्द आहे. पहिल्यांदा वर्णन केलेले मासे निळसर पांढरे होते, पिवळे नंतर प्रसिद्धीला आले. काकांना यात काही वावगं वाटलं नाही. "आमच्याकडे निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जून होती." त्यांच्या जोडीला आठ रस्टी, गंजलेल्या पत्र्यावर जांभळी झाक आल्यासारख्या रंगाचे आणि स्वभावाने कारकुनी. सहा ॲसी, निळसर अंगाचे आणि पिवळ्या शेपटीचे. हे वरच्या पाण्यात हिंडतात म्हणून खालच्यांच्या वाटेला जात नाहीत. आणि चौदा डेमासोनी. जेमतेम बोटाएवढा, गडद निळा, काळ्या उभ्या पट्ट्यांचा हा मासा शास्त्राला १९९४ साली माहीत झाला. तो इतरांना फारसा त्रास देत नाही, फक्त आपल्याच जातीचा जीव घेतो. चार ठेवले तर एक उरतो. बारा-चौदा ठेवले तर कुणाला मारावं हे त्याला ठरवता येत नाही. "अनिर्णय," काका म्हणतात. "शांततेचा पाया."

पण त्या चौदांत एक बनावट निघाला. बाकीचे थांबले तरी तो वाढतच गेला. मग एका सकाळी त्याच्या निळ्या अंगावर पिवळी झाक दिसली आणि महिन्याभरात तो पुरता पिवळा झाला. तो डेमासोनी नव्हताच, केन्यी होता. केन्यीची गंमत ऑराटसच्या उलट: लहानपणी सगळे निळे, मादी निळीच राहते, नर पिवळा होतो. आणि तापटपणात त्याचा हात धरणारे म्बुना थोडेच. पिवळा झाल्याबरोबर त्याला टाकीतले दुसरे पिवळे खुपू लागले. बिचाऱ्या यलो लॅबवर आभाळ कोसळलं. काकांनी रीतसर चौकशी लावली. पहिल्या वेळी ताकीद. दुसऱ्या वेळी जाळीच्या पिंजऱ्यात तीन दिवस निलंबन, आणि तेवढ्यात बाहेरचे दगड हलवून त्याची गढी मोडणं. परत आल्यावर साहेब दोन दिवस बावरलेले होते, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. "आपल्याविरुद्ध आकस नाही," काका त्याला पिशवीत घेताना म्हणाले, "पण खोट्या दाखल्यावर आपण नोकरीत शिरलात." बडतर्फ होऊन तो दुकानात परत गेला. दुसऱ्याच दिवशी तिथे 'रेअर यलो' अशी पाटी लावून दुप्पट भावाने विकायला होता.

टाकीत प्रसूतीची रजाही आहे. म्बुनाची मादी अंडी तोंडात धरते. पिल्लं पोहायला लागेपर्यंत सुमारे तीन आठवडे ती तोंड मिटून, बहुतेक उपाशी असते. अशा मादीला काका लहान टाकीत हलवतात. "कायद्याने बायकांना सव्वीस आठवडे," ते म्हणतात, "हिला तीन." काकू तेव्हा पालक निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तीन आठवडे तोंड मिटून बसायचं तर एवढं कौतुक. मला चव्वेचाळीस वर्षं झाली."

काकू बोलतात ते असं, भाजीत खडा लागावा तसं. इतकी वर्षं त्या सगळं ऐकत होत्या, आणि वहीतला प्रत्येक नियम त्यांना काकांपेक्षा जास्त पाठ होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

कारण काकांच्या एका फाइलबद्दल घरात कुणी बोलत नसे. काकांना सख्खा थोरला भाऊ आहे. दादा पाटबंधारे खात्यात होते, उजनी धरणावर बरीच नोकरी करून भिगवणला स्थायिक झाले. वाटणीत सगळं नीट झालं, फक्त गावच्या घरातला शिसवी झोपाळा दादांकडे गेला. झोपाळा कुणाचा यावर एकदा कडाक्याचं भांडण झालं असतं तर बरं, पण तसं झालं नाही. दोघं समजूतदार. दोघांनीही "जाऊ दे" म्हटलं आणि अकरा वर्षं बोलले नाहीत. हजारो कामगारांचे तंटे मिटवलेल्या माणसाला आपल्या भावाचा फोन नंबर पाठ नव्हता.

नातीचं बारसं ठरलं. त्या रविवारी सकाळी काका मंडईत गेले आणि काकूंनी मला वर बोलावलं. "अर्धा तास आहे," त्या पदर खोचत म्हणाल्या. "हा सोफा तिकडच्या भिंतीला. टीव्ही आतल्या खोलीत. त्यांची वेताची खुर्ची बाल्कनीत टाका." टाकी सोडून दिवाणखान्यातली एकूण एक वस्तू आम्ही हलवली. फराळाची टेबलं दोन, खोलीच्या दोन टोकांना. मी विचारलं, वीस माणसांच्या खोलीत किती जण येणार? "चाळीस," काकू म्हणाल्या. "दादाभाऊजी धरून." मग माझ्या तोंडाकडे बघून, "नवा मासा सोडायच्या आधी दगड हलवायचे असतात ना? आणि एकट्याला सोडायचं नसतं."

मी आधी छताचा विचार केला. माझं छत म्हणजे त्यांची जमीन. तिच्यावर त्या दिवशी सरोवर अधिक चाळीस माणसं. मग काकांचा विचार केला.

काका पिशव्या घेऊन आत आले आणि दारातच थबकले. त्यांनी उजवीकडे पाहिलं, तिथे सोफा नव्हता. खुर्चीच्या जागी आले, तिथे पाळणा. दोन पावलं पुढे गेले, कुणाची तरी मावशी आडवी आली. स्वतःच्या घरात, हातात पडवळ घेऊन, तो माणूस बसायची जागा शोधत होता. आणि त्याच गर्दीत, तितकाच गोंधळलेला, तसाच शिडशिडीत, तसाच अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेला एक म्हातारा चिवड्याची बशी धरून फिरत होता. एकसारख्या रंगांचे दोन नर, माझ्या मनात आलं.

दादा फिरत फिरत टाकीपाशी आले. काका पलीकडच्या टेबलाकडे निघाले होते, पण वाटेत चार बायका होत्या, म्हणून मागे वळले आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला येऊन थांबले. पाच फुटांचं अंतर, मध्ये पाणी. दादांनी वाकून काचेला नाक लावलं.

"चिलापी," ते म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही.

काकांच्या मानेची शीर ताठ झाली. "चिलापी नाही."

अकरा वर्षांनी सख्ख्या भावाशी ते बोलले आणि त्यांच्या तोंडून पहिला शब्द 'चिलापी' निघाला, हे साक्षीदार म्हणून मला नोंदवलं पाहिजे.

"चिलापीच. तोंड बघ. मी काय उजनीवर गोट्या खेळलो?"

"कूळ एक असेल. जात वेगळी आहे."

"म्हणजे भाऊबंदच ना?"

"तुझी चिलापीसुद्धा आफ्रिकेचीच," काकांचा आवाज चढला. सदतीस माशांना अहो-जाहो करणारा माणूस अरे-तुरेवर आला होता. "१९५२ साली आणली भारतात, आणि मग धरणं भरून टाकलीत तुम्ही तिने."

"मी? मी तेव्हा रांगत होतो!" दादांनी बशी खाली ठेवली. "आणि कोळ्यांना विचार भिगवणच्या, तिच्यावर घरं चालतात. आमच्या जुन्या माशांचा तिने फडशा पाडला हे मी नाकारत नाही. पण काय चिवट! मादी पिल्लं तोंडात धरते, जाळ्यात सापडली की थुंकून सोडून देते. स्वतः जाते, पोरं वाचतात. डोळ्यांनी पाहिलंय."

काका एकदम शांत झाले. मला धस्स झालं. पण ते दादांचा दंड धरून त्यांना लहान टाकीकडे नेत होते. तिथे एक यलो लॅब तोंड फुगवून बसली होती. दोन पांढरे शर्ट तिच्यापुढे ओणवे झाले. बारशाचं नाव काय ठेवलं, हे त्या दोघांना संध्याकाळी विचारून कळलं.

परत मोठ्या टाकीशी आल्यावर दादा बराच वेळ पाहत राहिले. "हे सगळे मारामाऱ्या करतायत, ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण तो वर, पाइपामागचा? तो का गप्प?"

काकांनी पाहिलं. फिल्टरच्या पाइपामागे, पाण्याच्या अगदी वर, एक रस्टी पर मिटून तिरका उभा होता. शेपटी कातरलेली. बारशाच्या धावपळीत तीन दिवस हजेरी घेतली गेली नव्हती. लाल पेन खिशात होतं, पण काकांनी ते काढलं नाही. "माझ्या लक्षातच आलं नाही रे," ते म्हणाले.

दादा त्या रात्री राहिले. साडेअकराच्या सुमाराला मी अंथरुणावर पडलो होतो. वरून दगड सरकल्याचा आवाज आला. खर्र. मग टक. मग दोन म्हाताऱ्यांचे आवाज.

"इकडे ठेव म्हणतो ना!"

"तिकडे कपार बंद होते. तुला काय कळतंय, धरण बांधतोयस का?"

"बांधलंय मी धरण! तू नुसत्या फाइली बांधल्यास!"

"झोपाळ्याच्या वेळीही तू असाच—"

"हां, झोपाळ्याचं काढ, काढच आता!"

बायको दचकून उठून बसली. "अगबाई, भांडतायत का?"

"हो," मी म्हटलं. छताकडे एकदा पाहिलं, तडा नव्हता. कूस बदलली आणि गाढ झोपलो.